रिकाम्या ओटीनं निपाणीला

आम्ही वडगाव सोडलं तेव्हा आमच्या दारातून कुणी बाहेर आलं नाही. आत माग चालू होता. त्याची खटखट गल्लीच्या टोकापर्यंत माझ्या मागं मागं आली. थोरले दीर मागावर बसले होते आणि आक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ, चुलीपुढं. मी उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला, तो घराला केला, आतल्या माणसांना नाही. मला सातवा महिना होता. निपाणीहून बेळगावच्या पेठेत तंबाखू टाकून एक बैलगाडी रिकामी परत निघाली होती. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तीत एक वळकटी टाकली, भांड्यांचं बोचकं टाकलं आणि मला हात देऊन वर घेतलं. गल्लीतल्या बायका अर्धी दारं लोटून बघत होत्या. माझ्या लग्नात यातल्याच बायकांनी जात्यावर हळद दळली होती. त्यांच्यातली एकही म्हणाली नाही की बाई, नीट जा.

वडगाव-शहापुरात मागं राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं बोचकं घेऊन निपाणी, इचलकरंजी, सोलापूर गाठलेल्यांनो, तुमच्यासाठी हे लिहिते आहे. लिहायला मी लेकीबरोबर शिकले, तिच्याच पाटीवर. अक्षर वाकडं आहे, पण सांगायचं ते सरळ आहे.

मी का निघाले ते आधी सांगते. त्या वर्षी बेळगावात पुन्हा प्लेगची साथ आली. वडगाव रिकामं झालं आणि आम्ही सगळे शेतात झोपड्या घालून राहिलो. मालक तेव्हा निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होते, कारण दोन मागांवर दोन संसार भागत नव्हते. थोरले दीर सुतासाठी परगावी गेले होते. शेतातल्या त्या कडेला आक्काची एक झोपडी, माझी एक, आणि आक्काच्या तीन लहान मुली. एवढीच माणसं. साथीची बातमी निपाणीला पोचली आणि मालक चालत आले, मी जिवंत आहे का ते बघायला. दिवस मावळता मावळता आले. पायाला फोड आले होते. आक्कानंच त्यांना पाय धुवायला पाणी दिलं, आपल्या चुलीवर पिठलं टाकलं आणि भाकरी आणून वाढली. "धाकटं भावजी, उपाशी निजू नगा," असं म्हणाली. उजाडायच्या आत ते परत गेले, कारण वखारीच्या मुकादमाला न सांगता आले होते. 

साथ सरली, माणसं घरी आली आणि मला दिवस राहिल्याचं गल्लीला कळलं. बायकांनी बोटांवर महिने मोजले. नवरा निपाणीला, साथीत परक्या माणसाला गावात पाऊल टाकू देत नव्हते, मग हे कुठलं? विहिरीवर त्यांनी आक्कालाच विचारलं. मी घागर भरून उभीच होते. मला वाटलं, आता आक्का एका शब्दात यांची तोंडं बंद करील. तिनं दोर ओढता ओढता सांगितलं, "मला काय ठाऊक न्हाय बाई. मी कुणाला बघितलं न्हाय."

तिनं माझ्यावर उघड आळ घेतला असता तर मी भांडले असते. तिनं फक्त माहीत असलेलं गिळलं. पुढं मालकांनी येऊन शपथ घेतली, मी आलतो म्हणून सांगितलं, तर थोरले दीर म्हणाले, बायकोची बाजू नवरा घेणारच, पण घरच्या बाईनं बघितलंच न्हाय म्हटल्यावर मी गल्लीला काय सांगू? सातव्या महिन्यात सासर सुनेची ओटी भरतं. ओटी भरली की पोटातल्या जिवाला त्या घरानं आपलं म्हटलं, असं आमच्यात मानतात. माझा सातवा लागला तेव्हा आक्कानं ओटीचं नाव काढलं नाही. मी वाट बघितली. मग एका सकाळी मालकांनी वळकटी बांधली.

शहापुरात माझे आप्पा होते. आई प्लेगातच गेली होती. आप्पा न्यायला आले होते, पहिलं बाळंतपण माहेरी असतं म्हणून. पण बोलणं त्यांच्या गल्लीतही पोचलं होतं आणि माग सोडून ते चार माणसांत जायचे बंद झाले होते. मी नको म्हटलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "चंद्रा, गाठ मारायची ती कापडाच्या उलट्या बाजूला मार. सुलटी बाजू जगाला दाखवायची असती." आप्पांचं बाकी सगळं ऐकलं, एवढं नाही ऐकलं. ही गाठ मी सुलट्या बाजूला मारली, सगळ्यांना दिसावी अशी.

निपाणीत आम्हाला वखारीच्या मागच्या भिंतीला लागून एक खोली मिळाली. सुगीत रस्ताभर तंबाखूच्या गाड्या उभ्या असायच्या. वाऱ्यावर भुकटी उडायची आणि दारातून आत आलेला माणूस आधी शिंकायचा, मग बोलायचा. वडगावात मी सुताच्या खळीच्या वासात वाढलेली. पहिले काही दिवस मला नुसतं मळमळत होतं. शेजारी बसव्वा राहायची. ती कानडी, लिंगायत, विधवा बाई, वखारीत पाला चाळायची. ती मराठी बोलायची पण क्रियापदं स्वतःच्या मनानं लावायची. मला तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. पहिल्याच दिवशी माझं पोट बघून तिनं विचारलं, काय काय तयारी झाली? मी म्हटलं, काही नाही. तिनं विचारलं, सासू? नाही. आई? नाही. जाऊ? मी बोचकं सोडायला घेतलं. बसव्वा म्हणाली, "मग आपण करू. पोर वाट बघत नाही बसतंय."

तेव्हापासून मी जी तयारीला लागले, ती आई लागते तशी लागले नाही. खरं सांगायचं तर वैरी लढाईची करतो तशी तयारी मी केली. मनाशी एकच धरलं होतं. या लेकराच्या अंगावर वडगावचा एक धागा चढणार नाही, आणि तरी त्याला काही उणं पडणार नाही. मालकांची वखारीतली कमाई आमच्या दोघांच्या भाकरीला पुरायची. वरचं सगळं हातापायांनी मिळवायचं होतं.

बाळंतिणीला शेक लागतो, अंघोळीला कढत पाणी लागतं, म्हणजे गोवऱ्या लागतात. गाड्यांच्या तळावर बैलांचं शेण पडायचं, त्यावर गल्लीतल्या बायकांची झुंबड. मी पोट सांभाळत पहाटे बुट्टी घेऊन जायची. एकदा एका बाईनं माझी बुट्टी ओढली. मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं हात काढून घेतला. तिच्या जागी मला आक्का दिसत होती. वखारीच्या भिंतीवर मी गोवऱ्या थापल्या. एकेका गोवरीवर माझा पंजा उमटायचा आणि थापताना मी मनात म्हणायची, मी कुणाला बघितलं न्हाय, मी कुणाला बघितलं न्हाय. आक्काचंच वाक्य. दुसऱ्या बायका ओव्या म्हणायच्या, माझी ओवी ही.

डिंक विकत घ्यायची ऐपत नव्हती. ओढ्याच्या काठानं बाभळी होत्या. त्यांच्या सालीतून पाझरून वाळलेला डिंक मी आणि बसव्वा सुट्टीच्या दिवशी खरवडून आणायचो. बोटांत काटे मोडायचे. गुळासाठी मालक वखारीतून सुटल्यावर एका गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारायला जायचे आणि मजुरीच्या बदल्यात ढेप आणायचे. त्यांचे हात भाजायचे. एकदा मी हाताला तूप लावत होते, तर ते म्हणाले, हे तूप लाडवाला ठेव.

दुपट्यांना जुनं मऊ लुगडं लागतं. वडगावात आमच्या घरात लुगडीच विणली जायची. तिथं असते तर कोपऱ्यात पडलेल्या तुकड्यांतून दहा लेकरांची दुपटी झाली असती. इथं मी वखारीतल्या बायकांकडं विटलेली लुगडी मागितली. त्यांनी हसून दिली. कुणी पदर दिला, कुणी काठ काढून घेऊन मधलं दिलं. ती मी राखेच्या पाण्यात उकळली, ओढ्यावर आपटली, उन्हात टाकली आणि पुन्हा उकळली. मग एकावर एक ठेवून बारीक टाक्यानं शिवली. सुईचं मला वेड. विणकराची लेक, मला सरळ रेघ आखून द्यावी लागत नाही. एका शिंप्याच्या दुकानासमोर झाडलोट करून चिंध्या आणल्या, त्यांची झबली केली, कानाला झाकणारी कुंची केली. कुंचीला पाठीमागं झालर लावली. झालरीची काही गरज नव्हती. पण वडगावच्या कुणी बघितली तर तिला कळावं, इथं कुणी कसंबसं भागवलेलं नाही.

बाज बसव्वाची. तिचा सुंभ सैल झाला होता, तो मालकांनी उसवून नव्यानं विणला. पाळणा नव्हता. बसव्वा म्हणाली, झोळी बांधू, राजाचं पोर पण झोळीत झोपतंय. मी हट्ट धरला, पाळणाच पाहिजे. तेव्हा मालकांनी एका सुताराकडं रंधा मारायला आठवडाभर मदत केली आणि त्याच्याकडच्या मोडक्या फळ्या आणल्या. पाळणा जरा तिरका झाला. एका बाजूला कलायचा. पण होता.

तयारी पुरी झाल्यावर बसव्वानं एक दिवस माझा हात धरून मला पाटावर बसवलं. वखारीतल्या पाच-सहा बायका दुपारच्या सुट्टीत आल्या होत्या. डोक्याला फडकी बांधलेली, भुवयांवर तंबाखूची पिवळी धूळ. मला काही कळेना. बसव्वा विधवा म्हणून स्वतः मागं उभी राहिली आणि तिनं दुसऱ्या एका बाईला पुढं केलं. तांदूळ नव्हते, जोंधळे होते. नारळाऐवजी खोबऱ्याची वाटी. खण मात्र नवा होता. तो त्या सगळ्यांनी मिळून आणला होता. माझ्या पदरात जोंधळे पडले तेव्हा मी हमसून रडले. त्यांना वाटलं, आईची आठवण झाली. मी बसव्वाला मागून पुढं ओढलं आणि म्हटलं, तू पण घाल. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, ज्यांना हक्क होता त्यांनी घातली न्हाय, तू घाल. तिनं एक मूठ टाकली. त्याच बैठकीत, ओटी सांभाळत, मी मनाशी ठरवलं: आज या बायकांनी जे केलं ते मी विसरणार नाही, आणि आक्कानं जे केलं तेही विसरणार नाही. एक दिवस तिला हेच काम माझ्या समोर करायला लागेल. 

मुलगी झाली. बसव्वाच्या हातात पडली. आम्ही तिचं नाव हौसा ठेवलं, हौसेनं मागून घेतलेली म्हणून. बारशाला आप्पा शहापूरहून आले. तिच्या मनगटात त्यांनी काळे मणी ओवले आणि तिरक्या पाळण्याला झोका देऊन बघितला. मग म्हणाले, "घर चांगलं केलंस, पोरी." तेवढ्यासाठी तर मी जगत होते.

पुढं काही दिवसांनी सुताचा एक दलाल वडगावहून निपाणीला आला. आक्कानं त्याच्याबरोबर एक दुपटं पाठवलं होतं. तिच्या तिन्ही मुलींनी वापरलेलं, अजून धड होतं. निरोप होता, मुलगी झाली ऐकलं, बरं झालं, हे राहू दे. मी ते उलटंपालटं करून बघितलं. मला तिचा सुटलेला श्वास त्यात ऐकू येत होता. मुलगा झाला नाही, मागात वाटा मागणारा आला नाही, म्हणून तिला माझा पुळका आला होता. दलाल दारात पाणी पीत बसला होता. त्याच्या देखत मी ते दुपटं शेणकाल्यात बुडवलं आणि त्याच दुपट्यानं जमीन सारवायला घेतली. तो काही बोलला नाही. पण वडगावात जाऊन बोलला. मला तेच हवं होतं.

वर्षं गेली. निपाणी माझ्या अंगात भिनली. वडगावात असताना मी मागाच्या आवाजानं उठायची, इथं वखारीच्या भोंग्यानं उठायला लागले. तिथं आम्ही लुगड्याच्या काठावरून माणसाची पत ओळखायचो, इथं तंबाखूची चिमूट नाकाशी धरून पाल्याची जात सांगायला लागले. माझ्या बोलण्यात कानडी शिरलं. बसव्वा मला शेंगाचटणी शिकवून गेली, गेली म्हणजे खरोखरच गेली, एका थंडीत. मालक हमालाचे तोलारी, म्हणजे माल तोलणारे झाले आणि आम्ही वखारीची भिंत सोडून दीड खोल्यांच्या घरात आलो. हौसा शाळेत गेली. माझा राग मात्र नवा राहिला. मी तो मीठ लावून ठेवला होता.

हौसा लग्नाला आली तेव्हा बेळगावकडचं एक चांगलं स्थळ आलं. त्यांनी मुलगी बघितली, पसंत पडली, सुपारी फोडायचं ठरलं. आणि मग ते गप्प झाले. मध्यस्थ आला, चहा प्याला आणि खाली बघून म्हणाला, "मुलगी लई चांगली हाय वैनी, पण वडगावात काय काय बोलत्यात." हौसा आतल्या खोलीत होती. तिनं ऐकलं. त्या दिवसापर्यंत तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती काही विचारायला बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी केस विंचरताना तिनं आरशात स्वतःचा चेहरा निरखून बघितला, त्यात बापाचं काय आहे ते शोधल्यासारखा.

त्याच उन्हाळ्यात आक्का माझ्या दारात आली.

मी तिला ओळखलं नाही. गिरणीच्या कापडानं वडगावचे माग बंद पाडले होते. थोरले दीर खोकून खोकून गेले होते. दोन्ही माग विकले होते आणि आक्का दुसऱ्याच्या पडवीत राहत होती. तिची धाकटी मुलगी काशी निपाणीजवळच्याच एका खेड्यात दिली होती. काशीचं पहिलं लेकरू पोटातच गेलं होतं. आता पुन्हा दिवस होते, पाय सुजत होते, बेळगावपर्यंतचा प्रवास झेपणार नव्हता, आणि झेपला तरी आक्काकडं बाज टाकायला जागा नव्हती. आक्का उंबऱ्याच्या बाहेरच बसली. म्हणाली, "काशीचं बाळंतपण तुझ्याकडं हू दे. पोरीनं तुझं काय केलं न्हाय."

ते खरं होतं. शेतातल्या झोपडीत काशी दुधावरची होती. मी म्हटलं, "काशीला घिऊन या." आक्का माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागं घेतले.

काशी आली. पुन्हा एकदा मी तयारीला लागले. आता हाताशी थोडं फार होतं, तरी दीड खोलीत तिसरी बाई आणि येणारं लेकरू म्हणजे ओढाताणच. मी माझ्या लुगड्यांतलं एक मऊ लुगडं फाडलं. डिंक याही वेळी बाभळीचाच, फक्त आता खरवडायला हौसा माझ्याबरोबर होती. आळीतल्या मारवाडणीकडं भात सडून दिला आणि खारका आणल्या. काशीचे पाय मी रोज संध्याकाळी कढत पाण्यात धरायची. ती गरीब पोर, मला काकू काकू करायची. गल्लीत सगळे म्हणायला लागले, चंद्राबाईंचं मन किती मोठं, जावेनं काढून दिलं आणि ही तिच्या लेकीचं करते. मी कुणाला दुरुस्त केलं नाही.

काशीच्या ओटीचा दिवस ठरला. मी मालकांना वडगावला पाठवलं आणि विहिरीवर त्या दिवशी ज्या ज्या होत्या, त्यांतल्या हयात असलेल्यांना आग्रहानं बोलावलं. सर्व्हिस मोटारीत बसायला मिळणार म्हणून त्या हौसेनं आल्या. मध्यस्थाच्या बायकोलाही बोलावलं. खोलीत मावेनात म्हणून अंगणात जाजम घातलं. काशीला हिरवा खण, हिरवा चुडा. यावेळी तांदूळ होते, नारळ होता, पाच फळं होती. थोरले दीर नव्हते, त्यामुळं आक्का मागं बसली होती. मी तिला पुढं बोलावलं. म्हटलं, लेकीची माहेरची ओटी आईनं भरायची, विधवा-बिधवा मी मानत न्हाय, माझी ओटीसुद्धा विधवेनं भरली होती. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आक्काचे डोळे भरून आले. तिला वाटलं, मी सगळं पोटात घातलं.

ती ओंजळ पुढं करून वाकली. मी तांदळाचं सूप तिच्या हाताखालून मागं घेतलं.

म्हटलं, "आक्का, आधी एक सांगा. साथीच्या साली शेतात माझ्या झोपडीत कुणाला भाकरी वाढली तुमी?"

काशी पाटावर, पदर पसरून. हौसा दारात उभी. आक्कानं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं की हे सूप मी दिवसभर असंच धरून उभी राहीन.

"धाकट्या भावजींना," ती म्हणाली.

मी म्हटलं, विहिरीवरच्या बायका लांब बसल्यात, त्यांना ऐकू जाऊ दे.

"धाकटं भावजी आलतं. मी बघितलं व्हतं. मीच वाढलं." आणि मग, कुणी न विचारता, खाली बघून, "मला तीन पोरी. चंद्राला पोरगा झाला असता तर माझ्या पोरींना त्या घरात कुणी इचारलं असतं?"

मी सूप पुढं केलं. तिनं ओटी भरली. तिच्या हातातून अर्धे तांदूळ काशीच्या मांडीवर सांडले. कुणी गाणं म्हटलं नाही. जेवणं झाली आणि वडगावच्या बायका मोटारीची वेळ व्हायच्या आधीच उठल्या. जी तोंडं वर्षानुवर्षं एक बोलली होती, तीच आता दुसरं घेऊन निघाली होती. मला त्यांचा एवढाच उपयोग होता.

मालक माझ्यावर रागावले. म्हणाले, बोलायचं होतं तर एकटीला गाठून बोलायचं, काशीच्या ओटीत कशाला काढलंस? मी म्हटलं, माझ्या ओटीत काढलं असतं, पण माझी ओटी झालीच कुठं? ते उठून जाजम गुंडाळायला लागले. हौसा माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. त्या दिवसापासून ती आरशासमोर रेंगाळली नाही.

काशीला मुलगा झाला, ठणठणीत. मी तिचा शेक केला, लेकराला तेल लावलं, घुटी दिली. काशीनं सगळं करून घेतलं, पण मला पुन्हा काकू म्हटलं नाही. सव्वा महिना झाल्यावर तिच्या सासरची माणसं न्यायला आली. ती लेकराला घेऊन गाडीत बसली आणि वळून बघितलं नाही. आईची मान खाली गेली ती तिच्या पदरासमोर गेली, हे ती कशी विसरेल? तिच्याविषयी वाईट वाटतं का, असं कुणी विचारलं तर हो, वाटतं. आक्काविषयी वाटतं का? नाही. तिन्ही पोरींसाठी तिला भीती वाटली असेल, ते मला समजतं. आई मीही आहे. पण तिनं आपल्या पोरींच्या भीतीची किंमत माझ्या पोरीच्या कपाळी लिहिली, ती मी तिथंच पुसली.

बेळगावचं ते स्थळ पुन्हा आलं. मध्यस्थ चहा प्याला आणि म्हणाला, आता काही शंका उरली नाही. मी सांगून पाठवलं, तुमचा मुलगा लई चांगला हाय, पण निपाणीत काय काय बोलत्यात. निपाणीत कुणी काही बोलत नव्हतं. हौसा कोल्हापूरकडं दिली, चांगली नांदते आहे.

आक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मालक एकटेच गेले. तुम्ही वडगावची माणसं अधूनमधून सांगून पाठवता, झालं गेलं विसरा, एकदा येऊन जा. विसरायला तुम्हाला सोपं आहे. तरी यंदा मी आले, चुलत घरातल्या एका पुतण्याचं लग्न होतं म्हणून. स्वातंत्र्य मिळून नवा झेंडा लागल्याचं वर्ष, गल्लीत तोरणं होती. पंगतीत तुम्ही मला मानानं बसवलंत, वाढलंत, कुणी माझ्या नजरेला नजर दिली नाहीत. मला जेवण गोड लागलं. उन्हं कलली तशी मी उठले आणि म्हटलं, आता घरी गेलं पाहिजे. शेजारची म्हातारी म्हणाली, "अगं, हेच की तुझं घर."

मी म्हटलं, "हितं मला नांदवलं न्हाय. घर निपाणीला हाय."

मोटारीत बसले. आप्पांचं शहापूर मागं पडलं, काकती मागं पडलं, घाट मागं पडला. माझ्या शेजारी एक तरणी बाई होती, नवऱ्याबरोबर कुठं तरी कामाला निघालेली, मांडीवर बोचकं. तिनं भीत भीत विचारलं, निपाणीत आपल्यासारख्यांचं भागतं का? तिच्याकडं बघून मला कळलं की तिलाही दिवस आहेत. मी तिला आमची गल्ली सांगितली, खूण सांगितली आणि म्हटलं, आधी माझ्याकडं ये, मग बाकीचं बघू. 

हौसा दुसऱ्या बाळंतपणाला येऊन राहिली होती. सकाळच्या गडबडीत अळीव भिजत घालायचे राहिले होते आणि तिचे दिवस भरत आले होते. निपाणीचे दिवे दिसायला लागले तसं मी पुढं वाकून ड्रायव्हरला म्हटलं, जरा नेटानं हाक बाबा, घरी कामं पडलीत.